जनसुनावणी भांगाला ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आमच्या खाडीतली जुनी जेट्टी पाडून नवीन बांधायच्या जनसुनावणीची बातमी वाचली, रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून आज लिहायला बसलोय. ‘जनसुनावणीला ग्रामस्थांचा अल्प प्रतिसाद’ असं हेडिंग दिलंत आणि फोटो रिकाम्या खुर्च्यांचा. तुमचा वार्ताहर आला होता, शेवटपर्यंत थांबला, त्याबद्दल त्याचे आभार, कारण बाकीच्या पेपरांचं कोणी फिरकलंसुद्धा नाही. पण खुर्च्या रिकाम्या का आहेत हे त्याने कोणालाच विचारलं नाही. तो माझ्या पुढच्याच रांगेत बसला होता, मान वळवून मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

मंगळवारी द्वितीया होती, अमावास्येनंतरची, म्हणजे ऐन उधाण. आमच्याकडे डोल जाळ्यांची, म्हणजे खुंटांना बांधून पाण्यात सोडलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांची मासेमारी चालते आणि डोल भरते ती पाण्याच्या ओढीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ जोरात असते तेच आमचे कमाईचे दिवस, आणि अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, त्याला आम्ही भांग म्हणतो, तेव्हा होड्या धक्क्याला आणि माणसं घरी जाळी शिवत बसलेली असतात. हे काही गुपित नाही. भिंतीवरच्या कुठल्याही कॅलेंडरात तिथी छापलेली असते आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या पोराटोरांना येतं. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती. आमच्या होड्या पहाटे अडीच-तीनला ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि खाडीच्या तोंडाशी गाळ इतका झालाय की भरती चढल्याशिवाय आत येऊच शकत नाहीत. सुनावणी सकाळी ११ला सुरू झाली आणि पावणेएकला संपली. पहिली होडी खाडीत शिरली तेव्हा मांडववाले खुर्च्या टेम्पोत चढवत होते. माझा धाकटा भाऊ ओल्या कपड्यांनी तसाच धावत आला, टेम्पोकडे बघितलं आणि म्हणाला, दादा, संपली पण? मी काय सांगणार त्याला.

बायकांचं म्हणाल तर सकाळी ११ला त्या बाजारात असतात. मासळी विकली गेली नाही तर ती संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

आता हा अल्प प्रतिसाद म्हणायचा का तुम्हीच सांगा. ज्यांच्या पोटावर जेट्टी उभी राहणार ती सगळी माणसं त्या वेळी पाण्यावर होती. आणि मला जास्त त्रास याचा झाला की उद्या हेच कात्रण फाईलला लागेल. लोकांना बोलावलं होतं, लोक आले नाहीत, म्हणजे लोकांची हरकत नाही. कायद्यात सुनावणीला कोरम नसतो, पन्नास माणसं आली काय आणि पाच आली काय, सुनावणी झाली असंच धरतात. २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत ते स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे तारीख आणि वेळ कोण ठरवतो यालाच सगळं महत्त्व आहे आणि त्याबद्दल आम्हाला एका शब्दाने कोणी विचारत नाही.

मी जेट्टीच्या विरोधात नाही हे आधी सांगून टाकतो, नाहीतर लगेच विकासविरोधी म्हणून शिक्का बसतो. जुनी जेट्टी धोक्याची झालीये. खांबांचं काँक्रीट फुटून आतली सळई बाहेर आलीये, ओहोटीला खालून होडी नेली की गंजाचे पापुद्रे अंगावर पडतात. आमच्या आळीतली सात-आठ पोरं तिथे बार्जवर कामाला आहेत, त्यांच्या जिवाची काळजी आम्हालाच आहे. ती पाडून नवीन बांधायलाच पाहिजे. प्रश्न कशी बांधणार हा आहे.

आणि हाच प्रश्न माझ्या काकाने मागच्या सुनावणीत विचारला होता. तेरा-चौदा वर्षं झाली, जेट्टी किनाऱ्याच्या बाजूने वाढवायची होती तेव्हाची गोष्ट. काका तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, शाळा दुसरीपर्यंत, पण खाडीतलं पाणी कुठल्या तिथीला कुठून वळतं ते डोळे मिटून सांगायचा. त्या दिवशी तो मुद्दाम होडी न नेता थांबला, एका दिवसाची मासळी सोडली, धुतलेला सदरा घालून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. नाव पुकारल्यावर माईकसमोर गेला आणि हाताचा पंजा समोर धरला, बोटं फाकवून. म्हणाला, असे खांब घाला, पाणी मधून जाईल. मग बोटं मिटली आणि म्हणाला, अशी दगडाची भिंत घालू नका, पाणी अडेल, आणि पाणी थांबलं की गाळ बसतो. तीन-तीनदा हात उघडून मिटून दाखवला. दहा मिनिटं तरी बोलला असेल. मंडपात एकदम शांतता होती, व्यासपीठावरचे साहेबसुद्धा मान डोलवत होते. मला इतका अभिमान वाटला होता की घरी येऊन आईला सगळं करून दाखवलं.

नियम असा आहे की कोण काय बोललं आणि प्रकल्पवाल्यांनी त्यावर काय सांगितलं ते इतिवृत्तात लिहायचं आणि त्याच दिवशी, तिथेच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं. आम्हाला कोणी काही वाचून दाखवलं नाही. दोन महिन्यांनी मी अर्ज करून, चार खेपा घालून इतिवृत्ताची कॉपी मिळवली. त्यात काकाचं बोलणं सापडायला मला वेळ लागला कारण ते दोन ओळींचं होतं. ‘एका ग्रामस्थाने भरावाबाबत शंका उपस्थित केली. प्रकल्प सल्लागारांनी शंकेचे निरसन केले.’ संपलं. पंजा नाही, पाणी नाही, गाळ नाही. काकाला मी ते वाचून दाखवलं तर म्हणाला, निरसन म्हणजे काय रे? मी म्हटलं, तुझी शंका मिटली असं लिहिलंय. तो काही बोलला नाही, जाळं घेऊन ओट्यावर बसला. माणसाने शंका काढलीच नव्हती, त्याला जे ठाऊक होतं ते तो सांगायला गेला होता, आणि कागदावर त्याचं अज्ञान होऊन गेलं.

भराव झाला. दगडाची भिंत घातली. काय झालं ते बघायला आमच्या धक्क्यावर या. धक्क्याला ११ पायऱ्या आहेत, लहानपणी ओहोटीला आम्ही शेवटच्या पायरीवर बसून गळ टाकायचो. आज ओहोटीला वरच्या चार पायऱ्या दिसतात, बाकीच्या चिखलात. माझी वहिनी रोज गुडघाभर चिखलात उभं राहून होडीतनं टोपल्या घेते, पाय रुतला की आधी टोपली दुसरीच्या डोक्यावर द्यायची आणि मग पाय उपसायचा, मागच्या वर्षी तिथेच घोटा मुरगळला तर तीन आठवडे बाजार बंद. पूर्वी अर्ध्या पाण्याला होडी आत यायची, आता भरतीच्या आधी तास-दीड तास आणि नंतर तेवढंच, त्यात जमलं तर जमलं, नाहीतर खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसा, खाली बर्फ वितळतोय. मंगळवारी सुनावणीला कोणी पोचलं नाही त्याचं कारणही हा गाळच आहे. काका चार वर्षांपूर्वी गेला.

आता नव्या जेट्टीच्या पर्यावरण अहवालाचा सारांश वाचला. पान नऊवर एक वाक्य आहे, ‘विद्यमान रचनेच्या धर्तीवर पुनर्बांधणी’. म्हणजे भराव तसाच राहणार आणि त्याच्यावर नवीन जेट्टी. एवढा खर्च करून जेट्टी मुळापासून बांधताय तर हीच वेळ आहे ना तो भराव काढून खांबांवर न्यायची? परत पन्नास वर्षं तिला कोणी हात लावणार नाही. मी हेच विचारायला उभा राहिलो. तीन मिनिटं झाल्यावर मला सांगितलं, लेखी द्या. लेखी दिलंय, पोच घेतलीये. आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार हे विचारलं तर उत्तर आलं, योग्य ठिकाणी. खाडीच्या बाहेर जिथे आमचे डोलीचे खुंट आहेत तिथे टाकलात तर? याचं उत्तर कागदात नाही. त्याच सारांशात असंही लिहिलंय की पाहणीच्या वेळी धक्क्यावर १४ होड्या आढळल्या. अहो ६०च्या वर होड्या आहेत आमच्या. सकाळी १०ला येऊन मोजल्यात, तेव्हा बाकीच्या समुद्रात होत्या. म्हणजे मोजायला आले तेव्हा तीच चूक आणि ऐकायला आले तेव्हाही तीच.

नोटीस ३० दिवस आधी आली होती असं सांगतील, ते खरं आहे, पेपरात आली होती. २०२० साली त्या पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा आला होता त्यात तर ३० दिवसांचे २० करायचं म्हणत होते, आणि तो मसुदा इंग्रजी-हिंदीत काढून मोकळे झाले होते, शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२०ला सगळ्या अनुसूचित भाषांत भाषांतर करायला सांगितलं. तेव्हा भाषेवरून भांडणारे लोक होते म्हणून झालं. तसंच मला तिथीवरून भांडायचंय. नोटीस मराठीत असली तरी ती टेंडरांच्या मध्ये, भिंग घेऊन वाचावी अशा अक्षरात होती. कोळीवाड्यात दवंडी नाही, मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर कागद नाही, ग्रामपंचायतीत एक प्रत आणि तीही कपाटात, बघायला मागितली तर चावीवाला रजेवर.

माझी मागणी साधी आहे. सुनावणी परत घ्या आणि भांगाला घ्या. सप्तमी ते एकादशी, यातला कुठलाही दिवस, दुपारी ४च्या नंतर, धक्क्याजवळच्या शाळेच्या मैदानात. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी असावेत असा नियमच आहे, त्यांच्या डायरीत एखादी संध्याकाळ निघेल. तांडेल लोकांना माईकवर धड बोलता येत नसेल तर त्यांना खाडीचा नकाशा द्या, ते बोट ठेवून दाखवतील पाणी कुठून येतं नि कुठे अडतं. आणि जे बोलतील ते जसंच्या तसं लिहा. व्हिडिओ शूटिंग असतंच, त्यावरून लिहायला काय अडचण आहे? निरसन हा शब्द मला परत कुठल्याही इतिवृत्तात बघायचा नाही.

आणि संपादक साहेब, विषय निघालाच आहे तर तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे. पूर्वी तुमच्या पेपरात रोज पंचांगाच्या शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या बंद केल्यात, मी तेव्हा पण पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. त्या जागी आता कोचिंग क्लासची जाहिरात असते. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यातला पेपर आहे तुमचा. ती चौकट चालू असती तर हेडिंग देणाऱ्याच्या डोळ्यासमोर दीडची भरती असती. ती परत सुरू करा ही विनंती.

बातमीचा खुलासा छापाल अशी अपेक्षा आहे. येत्या सोमवारी अष्टमी आहे, तिथून चार दिवस भांग. तुमच्या त्या वार्ताहराला परत पाठवा, ४नंतर कधीही, सगळे धक्क्यावर जाळी शिवत बसलेले असतील. फोटोग्राफर पण आणा, पायऱ्या मोजून घेता येतील.

आपला,
कोळीवाड्यातला एक जुना वाचक