बाबा, तो खटका आता वर करू नका

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, "गीझर लावला की पेटीतला खटका पडतो. यांनी तीनदा वर केला, तेव्हा कुठे माझी अंघोळ झाली." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमचं म्हणणं की पाणी तापतंय म्हणजे गीझर ठीक आहे, खटकाच बिघडलाय. तसं नसतं. गीझरच्या एलिमेंटमध्ये तारेची कॉइल असते, तिच्याभोवती पांढरी पावडर दाबून भरलेली असते आणि बाहेरून धातूची नळी. क्षार साचून, गंजून नळीला बारीक चीर गेली की पावडरीत ओल शिरते. कॉइल शाबूत असते, म्हणून पाणी छान तापतं, आणि त्याच वेळी थोडी वीज टाकीच्या पत्र्यात उतरत असते.

तुम्हीच म्हणालात ना, की गीझरचं बटण बंद असतानाही एकदा खटका पडला? माझा संशय तिथेच पक्का झाला. साधं बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार तोडतं; न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जोडलेलीच राहते. न्यूट्रलकडून अर्थिंगला गळती असेल, तर बटण बंद असूनही आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा खटका, पडू शकतो. पेटीत बघा, ज्या रुंद खटक्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे, तो आरसीसीबी. घरातले बहुधा 30 मिलिअँपिअरचे असतात. तेवढी वीज बाहेर गळली की तो पडतो, कारण तेवढी अंगातून गेली तर जिवावर बेतू शकतं. आई ओल्या फरशीवर उभी असते, बाबा. तो पडतोय म्हणूनच ती सुखरूप आहे.

पडणारा खटका अरुंद एमसीबी, म्हणजे वायरीतून जास्त वीज गेली की पडणारा, असेल तर गोष्ट वेगळी. लगेच पडत असेल तर बहुतेक शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर त्याच्याच स्क्रूखालची वायर सैल होऊन तापत असेल. तेही तुम्ही उघडून बघायचं नाही.

त्या दिवशी आलेला माणूस 16 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा बसवा म्हणाला, ते मात्र अजिबात करू नका. आपला गीझर 2000 वॅटचा. 230 व्होल्टला तो 9 अँपिअरसुद्धा घेत नाही, मग 16 चा कमी कसा पडेल? भिंतीतली वायर 16 च्या हिशेबाने टाकलेली आहे. 32 चा लावला तर खटका गप्प बसेल आणि वायर तापत राहील. फ्यूजमध्ये कुणी जाड तार घातली की तुम्ही किती चिडायचात, आठवतं? हे तेच आहे.

आता एवढंच करा. आधी पेटीतला गीझरचा खटका खाली करा, मग कोरड्या हातांनी प्लग काढा. पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर मला सांगा. पडणारा खटका आरसीसीबी असेल आणि प्लग काढल्यावर दोन दिवस तो पडला नाही, तर दोष गीझरमध्येच आहे असं धरून चाला.

दुसरा, माहीतगार इलेक्ट्रिशियन बोलवा आणि त्याला मेगर आणायला सांगा. साध्या मीटरवर कॉइल ठीक दिसेल, साधारण 26 ओहम दाखवेल आणि तो "काही झालं नाही" म्हणून निघून जाईल. मेगर 500 व्होल्टवर कॉइल आणि नळी यांच्यामधली गळती मोजतो. आकडा 1 मेगओहमच्या खाली आला तर एलिमेंट बदलायचंच. सोबत गॅस्केट, म्हणजे पाणी झिरपू न देणारी चकती, नवीन घ्या, आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही. अर्थिंग तपासल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. नंतर गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत गीझर चालू करू नका. टाकी रिकामी असली तर नवीन एलिमेंट लगेच जळतं.

आई, तोवर पाणी गॅसवर तापव, पण भरलेलं पातेलं उचलू नकोस. बादली जवळ ठेव आणि तांब्या-तांब्याने ओत.

बाबा, आज पेटीचा फोटो पाठवा, म्हणजे कुठला खटका पडतोय ते मला कळेल. आणि मेगरचा आकडा लिहून ठेवा. मी रात्री फोन करते.

तुमची,
मनू