कामाचे कपडे घरी धुणाऱ्यांचे काय? केंद्रीय कामगार मंत्र्यांना एका मेसोथेलिओमा रुग्णाचे खुले पत्र

माननीय केंद्रीय कामगार मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या अखत्यारीतील एका कार्यालयाने माझ्या नुकसानभरपाईच्या अर्जाला गेल्या आठवड्यात उत्तर दिले, त्याबद्दल प्रथम आभार मानते. उत्तर दोनच वाक्यांचे आहे. माझे वडील संबंधित आस्थापनेत कामाला असल्याची नोंद उपलब्ध नाही, असे पहिले वाक्य सांगते. आणि तशी नोंद असती तरी अर्जदार स्वतः त्या आस्थापनेची कर्मचारी नसल्यामुळे अर्जाचा विचार करता आला नसता, असे दुसरे. एकच दार दोन्ही बाजूंनी बंद करण्याची ही काळजी माझे वडील काम करत होते तेव्हा कोणी घेतली असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

मला मेसोथेलिओमा झाला आहे. आपल्या कार्यालयातील बाईंनी हे नाव मला दोनदा उच्चारायला लावले आणि मग ‘फुफ्फुसाचा कॅन्सर’ असे लिहून घेतले, म्हणून थोडे सविस्तर सांगते. हा कर्करोग फुफ्फुसाचा नव्हे, त्याच्याभोवतीच्या पातळ आवरणाचा असतो. क्वचित पोटाच्या किंवा हृदयाच्या आवरणातही तो होतो. त्याचे प्रमुख ज्ञात कारण अ‍ॅस्बेस्टॉस हेच आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर आत जातात आणि त्यांतले काही फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतात. शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळू पाहतात; पण लांब तंतू त्या पेशीत मावत नाही आणि खनिज असल्यामुळे सहजासहजी विरघळतही नाही. त्यामुळे तिथे दाह धुमसत राहतो, पेशींच्या जनुकांना इजा होत जाते आणि साधारण २० ते ५० वर्षांनी त्यातून कर्करोग उभा राहतो. धूम्रपानाचा या आजाराशी संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण सरकारी टेबलापलीकडून मला पहिला प्रश्न नेहमी तंबाखूचाच विचारला गेला आहे.

माझे वडील वाफेच्या पाइपांवर आणि बॉयलरवर लॅगिंगचे, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून आवरण चढवण्याचे, काम करत. अ‍ॅस्बेस्टॉसचा लगदा हाताने कालवून पाइपावर थापायचा, वरून कापड गुंडाळायचे आणि दुरुस्ती निघाली की तेच वाळलेले लॅगिंग ठोकून फोडून काढायचे. सर्वांत जास्त धूळ या फोडण्यात उडते. ते कंत्राटदाराच्या हजेरीपटावर होते, म्हणून आपल्याकडे त्यांची नोंद नाही. कामाच्या जागी कपडे बदलण्याची सोय नव्हती. ते त्याच कपड्यांत घरी येत, आई ते झटकत असे आणि मी धूत असे. पुढे त्यांना दम लागू लागला, आणि ते गेले तेव्हा कागदावर क्षयरोग लिहिला गेला. तो खरोखर क्षयरोग होता की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

कपडे धुण्यातून हा आजार होऊ शकतो, ही माझी कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील ३३ रुग्णांचा अभ्यास वॅग्नर, स्लेग्स आणि मार्चंड यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यात खाणीत कधीही काम न केलेली, नुसती खाणींच्या परिसरात राहिलेली माणसे होती. १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी तर कामगारांच्या घरच्या माणसांमध्येच हा आजार दाखवून दिला. मी जन्मायच्या आधी हे छापून आले होते. मग माझ्या हातात ते कपडे कसे आले, याचे उत्तर मी कोणाकडे मागावे?

माझ्या छातीत पाणी झाले तेव्हा आधी क्षयाची औषधे सुरू झाली. सुईने पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचे, असे चालले होते. अखेर छातीत दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढला आणि तो विशेष रंगद्रव्यांनी तपासला, तेव्हा निदान झाले. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या औषधांनी अन्नाची चव गेली, दुखणे मात्र राहिले. दुखऱ्या कुशीवर वळता येत नाही आणि पाठीवर झोपले तर धाप लागते, म्हणून रात्री बसूनच काढते. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही नवी औषधे निघाली आहेत, ती माझ्या आवाक्याबाहेर आहेत. हे सारे अर्जात लिहायला जागा नव्हती. अर्जात रकाना होता तो ‘मालकाचे नाव व शिक्का’ असा.

आता कायद्याकडे येते. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा नावानिशी आलेला होता; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. त्या आदेशाला तीन दशके उलटल्यावर आपले कार्यालय ‘नोंद उपलब्ध नाही’ असे लिहिते आणि नोंद का नाही, हे विचारण्याची जबाबदारीही माझ्यावरच टाकते. शिवाय तो आदेश तंतोतंत पाळला तरी हिशेब जुळत नाही. विसाव्या वर्षी कामाला लागून तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याची नोंद त्याच्या साठाव्या वर्षी नष्ट करता येते, आणि आजार पासष्टाव्या वर्षीही येऊ शकतो. कंत्राटी माणसाचे नाव मुळात पटावरच नसेल, तर जपायचे काय?

खरे तर माझे भांडण त्या कार्यालयाशी नाहीच. आपल्या सरकारने, म्हणजे आपल्या आधीच्यांनी आणि आपणही, अ‍ॅस्बेस्टॉसबाबत दोन तोंडांनी बोलण्याचे धोरण सांभाळले आहे. देशात त्याच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ मध्ये थांबले आणि १९९३ मध्ये जुन्यांचे नूतनीकरणही. म्हणजे आपल्या जमिनीतून ते काढणे घातक ठरले. परंतु रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून वर्षाला लाखो टन, कुठे साडेतीन लाख टनांचा आकडा वाचला, ते बंदरावर उतरते तेव्हा घातक राहत नाही. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच्या लोकांसाठी ते बंद केले. आपल्याला मात्र ते चालते. घातक रसायनांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करारात पांढऱ्या, म्हणजे आज व्यापारात असलेल्या प्रकारच्या, अ‍ॅस्बेस्टॉसचे नाव घालण्यास २०११ मध्ये भारताने संमती दर्शवली आणि २०१३ मध्ये ती फिरवली. त्या यादीत नाव येणे म्हणजे बंदीसुद्धा नव्हे. निर्यात करण्यापूर्वी घेणाऱ्या देशाला धोका कळवून त्याची संमती घ्यावी, एवढीच ती अपेक्षा. आम्हाला धोका कळवू नका, असा आग्रह घेणाऱ्यानेच धरावा, हे मला अजून उमगलेले नाही.

नियंत्रित वापर सुरक्षित असतो, असे आपल्याकडून सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यासह सर्व प्रकारांचे अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक मानते. छपरावर बसून करवतीने अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा कापणाऱ्या मजुराच्या श्वासावर आपला कोणता अधिकारी नियंत्रण ठेवतो, ते कळवावे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पूर्ण बंदी असूनही हा आजार आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे घेऊन जातो. आपली लोकसंख्या त्यांच्या वीस पटींनी मोठी आणि आपल्याकडे नोंदलेले रुग्ण मात्र मूठभर. भारतीयांची फुफ्फुसे जात्याच कणखर आहेत, असा मंत्रालयाचा निष्कर्ष असेल तर तो प्रसिद्ध करावा. जगाला उपयोग होईल.

मागणे फार नाही. मेसोथेलिओमाचे निदान होईल तिथे ते कळवणे सक्तीचे करावे, आणि रुग्णाच्याच नव्हे तर घरच्या माणसांच्या कामाचाही इतिहास नोंदवावा. कामगारांच्या नोंदी मालकाच्या कपाटात न ठेवता सरकारकडे जमा करून घ्याव्यात, कंत्राटी कामगारांसह. आणि जे स्वतः कधी कारखान्यात गेले नाहीत त्यांनाही भरपाई मिळावी. अमागासाकीतील कारखान्याभोवतीचे रुग्ण २००५ मध्ये उजेडात आल्यावर जपानने पुढच्याच वर्षी असा कायदा केला. ब्रिटनने २००८ मध्ये नातेवाइकाच्या कपड्यांतून बाधा झालेल्यांनाही योजनेत घेतले. त्यामुळे हे अशक्य आहे, असे उत्तर कृपया पाठवू नये.

या आजारात निदानानंतर बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष मिळते, त्यातला बराचसा काळ आपल्या कार्यालयाने उत्तर तयार करण्यात घालवला. त्या उत्तराविरुद्ध अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हे पत्रात लिहिलेले नाही. तेवढे तरी लेखी कळवावे.

आपली,
एका कंत्राटी लॅगिंग कामगाराची मुलगी