नोकरी सोडली आहे, आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर बोलले असते तर आई रडली असती आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहितेय. ओमाहाची नोकरी सोडली. लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात विला कॅथर या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांवर पीएच.डी. करतेय. फी माफ आहे, शिकवण्याचे पैसे मिळतात, विमाही आहे. खोली उबदार आहे. आई, ज्वारीचं पीठ इथेही मिळतं.

बाबा, ‘या वयात?’ म्हणाल. कॅथर न्यूयॉर्कला ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकाची व्यवस्थापकीय संपादक होती. एवढ्या मानाच्या नोकरीत तुझं लेखन मागे पडतंय, असं सेरा ऑर्न ज्युएट या ज्येष्ठ लेखिकेने तिला 1908 मध्ये पत्रातून बजावलं. तरी नोकरीतून पाय काढायला तिला अडतिशी गाठावी लागली. मग 1913 मध्ये ‘ओ पायोनियर्स!’ ही कादंबरी, 1918 मध्ये ‘माय आन्टोनिया’, 1923 मध्ये पुलित्झर हे मोठं पारितोषिक. मी अजून छत्तिसाचीच आहे! (पुलित्झरचं मनावर घेऊ नका.)

कॅथर नऊ वर्षांची असताना घरच्यांनी व्हर्जिनिया सोडून या उघड्याबोडक्या माळावर बिऱ्हाड आणलं. चिपळूण सोडून आपण उदगीरला आलो तेव्हा मीही तेवढीच होते ना? पाऊस कुठे गेला म्हणून रडत होते, आणि बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून करडईची शेतं दाखवायला नेलं होतं. तिला इथे स्वीडन, बोहेमियातून आलेल्या शेतकरीणबाया भेटल्या. त्यांच्या गोष्टी ऐकत ती वाढली, आणि पुढे त्याच बाया कादंबऱ्यांत आल्या. रेड क्लाउडमधलं तिचं घर जपून ठेवलंय. माळ्यावरच्या तिच्या खोलीत भिंतींवर गुलाबांचा कागद आहे, औषधाच्या दुकानात काम करून त्या बदल्यात तिने मिळवलेला. आई, तुला ती खोली फार आवडेल.

तिची आई कॅलिफोर्नियात आजारी पडली, तेव्हा ती न्यूयॉर्कहून पुन्हा पुन्हा जायची. मीही येईनच गं, पण तशी वेळ आणायचीच नाही. म्हणून बीपीची गोळी रोज, बरं वाटलं तरीही. बाबांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडा या आठवड्यातच बसवून घ्या, पैसे पाठवलेत. आणि आई, उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी तूच संपवायची, हे बंद.

मे महिन्यात येतेय.

तुमची,
बेबी

ता. क. आत्याला इतक्यात सांगू नका.