हजार झेलांच्या पलीकडची जागा

महोदय,

मुरलेला खेळाडू गेला की त्याची जागा कोण घेणार, याचं उत्तर सगळे आकड्यांत शोधतात. अमेरिकन फुटबॉलमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या हाइन्स वॉर्ड या रिसीव्हरचं (फेकलेला चेंडू झेलून पुढे नेणाऱ्या खेळाडूचं) उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. एकाच संघाकडून १४ हंगाम, बरोबर १,००० झेल. त्यातला हजारावा तर संघाला ३ यार्ड मागे नेणारा होता! २०१२च्या फेब्रुवारीत संघाने त्याला मोकळं केलं.

झेलांची भरपाई झाली, नव्हे, कैक पटींनी झाली. त्याच संघाच्या अँटोनियो ब्राउनने २०१३ ते २०१८ या प्रत्येक हंगामात शंभरावर झेल घेतले. २०१५ मध्ये तर १३६. त्याच्या गुणवत्तेबद्दल दुमत नाही. पण २०१८च्या अखेरच्या साखळी सामन्यात संघाने त्याला बाहेर ठेवलं आणि पुढच्या मार्चमध्ये ओकलंडच्या संघाला देऊन टाकलं.

वॉर्डचं मोल आकड्यांपलीकडचं होतं. चेंडू सहकाऱ्याच्या हाती असतानाही तो आपल्याहून धिप्पाड बचावपटूंना रोखायला अंगावर घ्यायचा. २००५च्या जानेवारीत उपांत्य सामना हरल्यावर तो पत्रकारांसमोर रडला, ते ज्येष्ठ सहकारी जेरोम बेटिसचं सुपर बोलचं (विजेता ठरवणाऱ्या अंतिम सामन्याचं) स्वप्न हुकलं म्हणून. पुढच्याच वर्षी, बेटिसच्या गावी, डेट्रॉइटमध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला, सामनावीर वॉर्ड.

म्हणून माझं ठाम मत आहे : नवा रिसीव्हर जरूर आणा, पण जुना जाण्याआधी एक-दोन हंगाम दोघांना एकाच ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसवा.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे