पोट दुखतंय म्हणून मेडिकलमधली गोळी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पन्नाशी-साठीच्या माणसाचं ओटीपोट एकाच बाजूला सतत दुखत असेल आणि अंगात तापही असेल, तर ‘गॅस धरलाय’ म्हणून घरी बसू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

माझे यजमान उद्यमनगरातल्या फौंड्रीत आयुष्यभर उभ्यानं काम केलेले. पोट दुखायला लागल्यावर गल्लीतल्या मेडिकलमधून गुडघ्याचीच वेदनाशामक गोळी मिळाली. पुढं ताप चढला, सीटी स्कॅन झाला, तेव्हा कळलं : डायव्हर्टिक्युलायटिस. मोठ्या आतड्याच्या भिंतीत कमकुवत जागी वयानुसार लहान लहान पिशव्या तयार होतात. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. पण एखादी सुजली की हे दुखणं उभं राहतं. ते बहुधा डावीकडं असतं. आशियाई लोकांत मात्र उजवीकडंही बरंच दिसतं आणि अपेंडिक्स समजलं जातं. पिशवी फुटली तर जिवावर बेततं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी फुटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे तर मेडिकलवाल्यानं सांगायलाच हवं.

ह्यांचं ऑपरेशनशिवाय भागलं. सौम्य दुखण्यात काही वेळा अँटिबायोटिकही लागत नाही, ते डॉक्टर ठरवतात. पहिले काही दिवस पेज, निवळ वरण, मग मऊ भात.

नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण सांगे : पेरू बंद, तीळ बंद, शेंगदाणे बंद, बिया आत अडकतात. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १८ वर्षं पाहणी करून २००८ साली निष्कर्ष आला, की दाणे, मका, पॉपकॉर्न खाल्ल्यानं हा आजार वाढत नाही. सूज उतरल्यावर उलट चोथा हवा, तोही हळूहळू वाढवत आणि भरपूर पाण्यासोबत. आमच्याकडं आता ज्वारीची भाकरी, मेथी, पावटा, शेंगदाण्याची चटणी सगळं चालतं. बिडी सुटली, ती कायमची. मटण मात्र रोजच्या रोज नको. तांबडा-पांढरा सणावारी असतोच, कोल्हापूरकरांना तेवढं पुरे.

दुखणं थांबलं म्हणून पुढची तपासणी टाळू नका. आधी झालेली नसेल तर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी) करायला डॉक्टर सांगतात, कारण आतड्याचा कर्करोगही कधी कधी अशीच लक्षणं दाखवतो. सुजेच्या काळात ती करत नाहीत.

मेडिकल दुकानदारांना हात जोडून विनंती : पोटदुखीला गोळी मागायला कुणी आलं, तर ताप आहे का, शौचातून रक्त जातंय का, एवढं विचारा आणि डॉक्टरांकडं पाठवा.

– एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर