किती ब्रास, एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळूघाटांच्या लिलावाआधी पात्रात किती ब्रास वाळू आहे, हे मोजलं जातं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करून नदीने किती वाळू परत भरली, हेही तपासायचं असतं. पण ती वाळू कशी आहे, हेही मोजायला हवं.

पंढरपूरला भीमेच्या वाळवंटात उपशाच्या खड्ड्याची ताजी कड पाहा. वर बोटभर खड्यांचा थर, खाली बारीक वाळू, मग गाळाची काळी रेघ, पुन्हा भरड. सगळे कण एकाच आकाराचे असते तर किती वेगाचं पाणी ते हलवील, याचं गणित सोपं होतं. मिश्रणात बारीक कण खड्यांच्या आडोशाला टिकतात आणि उघडे पडलेले खडे एरवीपेक्षा लवकर हलतात. समुद्रकिनाऱ्यांच्या अभ्यासकांनाही हीच अडचण येते. निव्वळ गोट्यांच्या किनाऱ्यावर चढलेली लाट फटींत झिरपते, परतीचं पाणी दुबळं होतं, गोटे वरच राहतात. फटी वाळूने भरल्या की परतीचा ओढा वाढतो आणि तोच किनारा खचू लागतो. नुसता पृष्ठभाग पाहून भाकीत करता येत नाही, ते यामुळेच.

पंढरपूरच्या वर भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून वरची भरड वाळू जलाशयातच अडते. नरसिंहपूरला नीरा मिळते, पण तिच्या खोऱ्यातही भाटघर, वीर ही धरणं आहेत. धरणातून सुटलेलं पाणी मात्र बारीक वाळू नेतच राहतं. अशा पात्रावर खड्यांचं कवच तयार होतं, वर्षानुवर्षं स्थिर दिसतं आणि मोठ्या विसर्गात फुटलं की खालची वाळू एकदम चालू लागते. उपशाची यंत्रं आधी हेच कवच फोडतात! वारीत याच पात्रात लाखो माणसं उतरतात. खड्डा कुठे सरकेल, काठ कुठे ढासळेल, हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

यासाठी फार खर्च नाही. ठरलेल्या जागी दर मे आणि नोव्हेंबरमध्ये थराथरातून नमुने घ्यावेत आणि २ मिलिमीटरच्या चाळणीवर किती राहिलं (ते खडे), खाली किती गेलं (ती वाळू आणि गाळ), याची नोंद ठेवावी. सोलापूर विद्यापीठातले भूशास्त्राचे विद्यार्थी हे सहज करतील. या नोंदी आणि उजनीच्या विसर्गाचे आकडे जिल्हा प्रशासनाने लिलावाच्या जाहिरातीआधी एकत्र प्रसिद्ध करावेत.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर