कवडीला ‘गंमत’ म्हणू नका

माननीय संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला नाण्यांच्या नावांवरचा लेख वाचला. बोहेमियातल्या योआखिमस्टाल गावच्या चांदीचे नाणे ते थालर आणि थालरचा डॉलर, इथपर्यंत लेखकाने छान सांगितले आहे. पण शेवटी कवड्या-शिंपल्यांना ‘आदिमानवाची गमतीदार नाणी’ म्हणून चार ओळींत उरकून टाकले, ते वाचून संताप आला.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या आरंभीच कोष्टक दिले आहे: 20 वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, 4 काकिणींचा एक ‘पण’ आणि 16 पणांचा एक द्रम्म, म्हणजे चांदीचे नाणे. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. बाराव्या शतकातला हा रोजचा हिशेब होता. मालदीवची कवडी तांदळाच्या बदल्यात बंगालला जाते, हे चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानेही लिहून ठेवले आहे.

काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत कवड्या पाहिल्या. नखाएवढ्या, पिवळट, चलनातल्याच जातीच्या. खाली पाटी होती ‘स्त्रियांचे अलंकार’, आणि मार्गदर्शक शाळकरी मुलांना तीच वाचून दाखवत होता. मी अधिकाऱ्यांना भेटून सांगितले. उत्तर मिळाले, ‘पैसे नाण्यांच्या दालनात आहेत.’ नंतर सविस्तर पत्र पाठवले, त्याची पोचसुद्धा आली नाही. त्या मुलांना कोणी तरी सांगायला हवे होते की डच आणि इंग्रज जहाजे याच कवड्या तळाशी भार म्हणून भरून नेत, ॲमस्टरडॅम आणि लंडनला त्यांचा लिलाव होई आणि तिथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात, माणसे विकत घ्यायला. आजच्या बेनिनमधल्या वीदा बंदरातून किती आयाबाया, किती पोरे या कवड्यांच्या मोलाने गेली! पुढे एकोणिसाव्या शतकात हँबर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या कवड्या तिथे इतक्या ओतल्या की कवडीचा भावच कोसळला आणि लोकांनी गाठीला ठेवलेले धन मातीमोल झाले. यात गंमत कुठे आहे?

लेखात घानाच्या ‘सेडी’चा उल्लेखही नाही. 1965 साली आलेल्या या चलनाचे नाव अकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून आहे. पापुआ न्यू गिनीच्या चलनातल्या ‘किना’ आणि ‘तोएआ’ या दोन्ही नावांमागे शिंपले-शंखच आहेत. तिथले तोलाई लोक तर आजही अंत्यविधीला ‘तांबू’ची, म्हणजे वेताच्या काडीवर ओवलेल्या बारीक शंखांची, वेटोळी कापून वाटतात. हे लोक आदिमानव नाहीत, आपल्याच काळात राहतात.

सोबतचे छायाचित्रही चुकले आहे. ठिपक्यांची ती मोठी कवडी चलनातली नव्हे. दुरुस्ती छापावी, आणि ती पुरवणीतच, त्याच पानावर छापावी.

जाता जाता आणखी एक. गडद निळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत मजकूर छापणे कृपया थांबवा. भिंग घेऊनही आम्हा वयस्कर वाचकांना तो लागत नाही.

आपला,
एक जुना वाचक